रिकाम्या जागेचा इतिहास : अमूर्त वर्ग केव्हा लिहावा?

(दीर्घ धागा)

अभियांत्रिकी महाविद्यालयांत नोकरीच्या मुलाखतींचा हंगाम सुरू झाला की एक प्रश्न हटकून विचारला जातो : ॲबस्ट्रॅक्ट क्लास आणि इंटरफेस यांत फरक काय? उत्तरही पाठ असते. ॲबस्ट्रॅक्ट क्लासमध्ये काही मेथड लिहिलेल्या असतात आणि काही नुसत्या घोषित केलेल्या. इंटरफेसमध्ये मात्र सगळ्याच नुसत्या घोषित. जावा भाषेपुरते तरी हे उत्तर मार्च २०१४ पासून चुकीचे आहे. तरीही ते दिले जाते, ऐकून घेतले जाते आणि त्यावर गुणही मिळतात.

दोष उत्तर देणाऱ्याचा कमी आणि प्रश्नाचा अधिक आहे. 'फरक काय' हा व्याकरणाचा प्रश्न झाला आणि व्याकरण दर काही वर्षांनी बदलते. 'केव्हा' हा प्रश्न मात्र गेली जवळजवळ साठ वर्षे टिकून आहे. त्याचे उत्तर व्याख्येत सापडत नाही, इतिहासात सापडते.

आधी संज्ञेविषयी थोडे. क्लास म्हणजे वस्तू घडवण्याचा साचा. मराठीत त्याला वर्ग म्हणू. काही साचे जाणूनबुजून अपुरे ठेवलेले असतात. त्यांतून थेट वस्तू घडवता येत नाही. आधी कोणीतरी वारसदार वर्ग लिहून त्यातल्या रिकाम्या जागा भरायच्या असतात. असा अपुरा साचा म्हणजे अमूर्त वर्ग. शिवकालीन पत्रव्यवहार ज्यांनी चाळला आहे त्यांना ही कल्पना परकी वाटू नये. माथ्यावर मुद्रा, ठरलेला मायना, शेवटी मोर्तब. मधला मजकूर तेवढा प्रसंगानुसार. पत्राचा घाट कारकुनाला ठरवावा लागत नसे, त्याला मजकूर भरावा लागे.

कथेची सुरुवात ओस्लोमध्ये होते. नॉर्वेच्या संगणन केंद्रात क्रिस्टन न्यूगार्ड आणि ओले-योहान डाल हे दोघे १९६०च्या दशकात सिम्युला नावाची भाषा घडवत होते. हेतू व्यावहारिक होता : रांगा, वाहतूक, कारखाने यांच्या प्रतिकृती संगणकावर चालवून पाहणे. त्यांच्या डोक्यात घोळणारे एक उदाहरण टोल नाका असलेल्या पुलाचे होते. पुलापाशी वाहनांची रांग लागलेली आहे. त्यात काही ट्रक आहेत, काही बस. ट्रकची माहिती निराळी आणि बसची निराळी. पण रांगेत उभे राहण्याची क्रिया दोघांची सारखीच : पुढे कोण, मागे कोण, रांगेत शिरायचे कसे, बाहेर पडायचे कसे.

मग ही रांगेची यंत्रणा ट्रकसाठी एकदा आणि बससाठी पुन्हा एकदा लिहायची काय? १९६५ साली टोनी होअर यांनी 'रेकॉर्ड हँडलिंग'ची कल्पना मांडली होती आणि ती दोघांपुढे होती. पण तेवढ्याने हा पेच सुटत नव्हता. उत्तर १९६६-६७ च्या हिवाळ्यात सुचले. रांगेचा सामाईक भाग एका वर्गात लिहायचा आणि ट्रक किंवा बस लिहिताना त्या वर्गाचे नाव आधी जोडायचे. सिम्युला ६७ मध्ये या सामाईक वर्गाला 'लिंक' म्हणतात आणि आधी जोडण्याच्या या क्रियेला 'प्रीफिक्स', म्हणजे उपसर्ग. मराठी व्याकरण शिकलेल्याला हा शब्द फार अन्वर्थक वाटेल. 'प्र', 'अप', 'अधि' हे एकटे उभे राहत नाहीत. शब्दाला जोडले गेले की अर्थ देतात. नुसती 'लिंक' वस्तूही निरुपयोगीच. ती घडवायला भाषेची बंदी नव्हती, पण ती घडवून करायचे काय? रांगेत उभे राहण्याचे कसब तिच्याकडे असते, उभे राहणारे मात्र कोणी नसते.

येथे एक गोष्ट ठळकपणे लक्षात घेतली पाहिजे, कारण पुढचा बराच गोंधळ ती विसरल्यामुळे झाला. हा वर्ग तत्त्वचिंतनातून जन्मला नाही. 'वाहन ही संकल्पना काय आहे' असा विचार कोणी करत बसले नव्हते. तेच काम दोनदा लिहावे लागू नये, या काटकसरीतून तो जन्मला. पाठ्यपुस्तकांत मात्र 'प्राणी' हा अमूर्त वर्ग, 'कुत्रा' व 'मांजर' हे त्याचे वारस, आणि 'आवाज काढ' ही रिकामी मेथड, असा संसार मांडलेला असतो. त्या 'प्राणी' वर्गाकडे वारसांना देण्यासारखे काहीच नसते. आडनाव आहे, पण जमीनजुमला नाही. पिढ्यान्पिढ्या विद्यार्थ्यांच्या मनात वारशाविषयी जी चुकीची समजूत रुजली, तिचे मूळ या एका उदाहरणात आहे, असे म्हणण्यात अतिशयोक्ती होणार नाही.

रिकाम्या जागेचे बीजही सिम्युलातच होते. 'व्हर्च्युअल' म्हणून घोषित केलेली प्रक्रिया उपवर्गात भरता येई. ती कोणीच भरली नाही आणि तरी हाक मारली, तर कार्यक्रम चालता चालता चूक निघे. पण या जागेचे सामर्थ्य खऱ्या अर्थाने दिसले ते कॅलिफोर्नियात, झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात.

ॲलन के, डॅन इंगल्स, ॲडेल गोल्डबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे स्मॉलटॉक ही भाषा घडवली. स्मॉलटॉक-८० मधला 'कलेक्शन' नावाचा वर्ग हा या संपूर्ण इतिहासातला बहुधा सर्वांत सुंदर नमुना. यादी, संच, पिशवी, शब्दकोश अशा सर्व संग्रहांचा तो पूर्वज. त्यात महत्त्वाच्या जागा तीनच रिकाम्या : घटक घालणे, घटक काढणे, आणि 'डू', म्हणजे प्रत्येक घटकापाशी क्रमाने जाऊन सांगितलेले काम करणे. वारसाने एवढे तीन व्यवहार शिकवले की बाकीचे घबाड आयते हाती येते. घटक किती आहेत? 'डू' चालवून मोजा. अमुक घटक आहे का? 'डू' चालवून शोधा. अटीत बसणारे तेवढे निवडा, न बसणारे वगळा, प्रत्येकावर क्रिया करून नवा संग्रह बनवा, सगळ्यांची बेरीज करत जा : हे सारे 'कलेक्शन'मध्ये एकदाच लिहिलेले आहे आणि ते रिकाम्या जागांच्या आधारावर उभे आहे.

'कलेक्शन'ला घटक कोठे ठेवले आहेत हे माहीत नसते, सलग रकान्यात की विखुरलेल्या साखळीत. वारसाला निवडण्याची किंवा मोजण्याची रीत माहीत असावी लागत नाही. अर्धे ज्ञान वर, अर्धे खाली. आणि दोहोंना जोडणारी वाट फार अरुंद. अमूर्त वर्ग केव्हा लिहावा, या प्रश्नाचे निम्म्याहून अधिक उत्तर येथेच आहे. एखादी कार्यपद्धती जवळजवळ पूर्ण माहीत आहे, तिच्यात एक-दोन पायऱ्या तेवढ्या प्रत्येक वारसागणिक बदलतात, आणि त्या पायऱ्या नेमक्या कोणत्या हे बोट ठेवून सांगता येते, तेव्हा.

स्मॉलटॉकमध्ये रिकाम्या जागेत काय लिहीत? 'सबक्लास रिस्पॉन्सिबिलिटी', म्हणजे ही जबाबदारी वारसाची. वारसाने ती पाळली नाही तर कार्यक्रम चालू असताना तक्रार येई. नाव मोठे नेमके आहे. अमूर्त वर्ग हक्क देतो तसे कर्तव्यही लादतो, आणि लादलेले कर्तव्य थोडे असेल तरच वारसा लाभतो. वीस रिकाम्या जागा ठेवून दोन ओळींची मदत देणारा पूर्वज कोणाला हवा असेल?

ही तक्रार धावत्या कार्यक्रमात येण्याऐवजी आधीच यावी, ही पुढची पायरी. बर्ट्रांड मेयर यांनी १९८५च्या सुमारास आयफेल भाषेत 'डिफर्ड' वर्ग आणले. त्यांत रिकाम्या जागेलाही करार असे : हाक मारण्यापूर्वी काय खरे असले पाहिजे आणि काम संपल्यावर काय खरे असेल. जागा रिकामी असली तरी तिच्या चतुःसीमा आखलेल्या. ही सोय बहुतेक लोकप्रिय भाषांनी उचलली नाही, हे दुर्दैवच.

सी प्लस प्लसची गोष्ट अधिक मजेदार आहे. बियार्न स्ट्रौस्ट्रुप यांनी केंब्रिजमध्ये सिम्युला वापरली होती आणि १९७९ पासून बेल प्रयोगशाळेत ते तिची तत्त्वे सी भाषेत आणत होते. पण आरंभीच्या सी प्लस प्लसमध्ये अमूर्त वर्गाला स्थानच नव्हते. 'आकृती' नावाचा वर्ग लिहायचा आणि त्यातल्या 'फिरव' या फंक्शनमध्ये चूक दाखवणारी ओळ टाकायची, असा प्रघात होता. १९८९ साली आवृत्ती २.० निघता निघता, अगदी अखेरच्या घटकेला, 'प्युअर व्हर्च्युअल' फंक्शन भाषेत शिरले. ते लिहायची खूण म्हणजे फंक्शनच्या घोषणेपुढे 'बरोबर शून्य'. इतकी चमत्कारिक खूण का? नवा राखीव शब्द त्या वेळी कोणी मान्य करील अशी आशा स्ट्रौस्ट्रुप यांना नव्हती. आणि राखीव शब्द नाकारले जातात तसे चिन्ह नाकारले जात नाही. भाषांच्या इतिहासात तत्त्वाइतकाच मुत्सद्देगिरीचाही वाटा असतो तो असा.

येथे कथेला वळण लागते. सी प्लस प्लसमध्ये निराळा इंटरफेस नव्हता. त्यामुळे ज्यात एकही ओळ लिहिलेली नाही, सगळ्याच जागा रिकाम्या आहेत, असा वर्गही अमूर्त वर्गच ठरला. एकाच अवजाराने दोन भिन्न कामे होऊ लागली : अर्धवट काम वारसाला देणे, आणि नुसता करार जाहीर करणे. त्या भाषेत दुसरा उपाय नव्हता म्हणून ते क्षम्य. पण या दोन कामांची सरमिसळ सवयीने पुढच्या भाषेत गेली, आणि ती भाषा होती जावा.

वास्तविक जावाकडे सबब नव्हती. जेम्स गॉसलिंग आणि सहकाऱ्यांनी ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेतल्या 'प्रोटोकॉल'वरून इंटरफेस घेतला होता. जानेवारी १९९६ मध्ये जावा १.० आली तेव्हा दोन्ही अवजारे पेटीत निराळी होती. तरीही त्याच पेटीत 'डिक्शनरी' नावाचा एक वर्ग होता. किल्ली द्यावी, मूल्य मिळावे, अशा कोशाचा पूर्वज. त्यात सात मेथड आणि सातही रिकाम्या. साठवलेली माहिती शून्य, लिहिलेले तर्कशास्त्र शून्य. हा करार होता. त्याने वर्गाचे सोंग घेतले होते. आणि जावात वर्गाला पूर्वज एकच घेता येतो. म्हणजे 'डिक्शनरी'चा वारस होणाऱ्याने आपला एकुलता एक पूर्वज खर्ची घालायचा आणि मोबदल्यात काहीच मिळवायचे नाही!

त्याच आवृत्तीत शेजारी 'इनपुटस्ट्रीम' हा खरा अमूर्त वर्ग होता. एक रिकामी जागा : पुढचा एक बाइट वाच. अनेक बाइट वाचण्याची, काही गाळण्याची रीत त्या एका जागेवर बांधलेली. 'कलेक्शन'चाच हा चुलतभाऊ. (एकेक बाइट वाचत जाण्याची ती आयती रीत संथ असते, म्हणून शहाणा वारस ती स्वतः पुन्हा लिहितो, पण लिहिलीच पाहिजे अशी सक्ती नाही.) दोन्ही वर्गांच्या माथ्यावर तोच 'ॲबस्ट्रॅक्ट' शब्द, प्रकृती मात्र विरुद्ध.

डिसेंबर १९९८ मध्ये जावा १.२ आली आणि जोशुआ ब्लॉक यांनी घडवलेली संग्रहांची नवी चौकट तिच्यात होती. त्यांनी दोन्ही कामे सोडवून वेगळी केली. करारासाठी 'लिस्ट', 'मॅप', 'सेट' हे इंटरफेस; आणि शेजारी 'ॲबस्ट्रॅक्टलिस्ट', 'ॲबस्ट्रॅक्टमॅप' हे अमूर्त वर्ग, म्हणजे तयार सांगाडे. न बदलणारी यादी हवी असेल तर 'ॲबस्ट्रॅक्टलिस्ट'चा वारस होऊन फक्त दोन मेथड लिहायच्या : अमुक क्रमांकाचा घटक कोणता, आणि एकूण घटक किती. सांगाडा नको असेल तर करार थेट पाळायलाही मोकळीक. ज्याला काम हवे त्याने वारसा घ्यावा, ज्याला नुसती ओळख हवी त्याने करारावर सही करावी. हा तोडगा इतका समंजस आहे की आजही नवा ग्रंथालयी कोड लिहिणाऱ्याने तो डोळे मिटून उचलावा. पायथॉनने २००८ मध्ये अमूर्त पायावर्ग आणले तेव्हा त्यातला 'सीक्वेन्स' याच घाटाचा निघाला : दोन मेथड द्या, पाच घ्या.

मग अमूर्त वर्गाचे संकट कशात आहे? वारसा हा मालमत्तेबरोबर गुपितेही देतो. ॲलन स्नायडर यांनी १९८६ मध्येच दाखवले होते की पूर्वजाच्या आतल्या रचनेवर वारस अवलंबून राहिला की झाकलेपण मोडते. ब्लॉक यांनी २००१ च्या आपल्या पुस्तकात दिलेले उदाहरण आता प्रसिद्ध आहे. एकाने 'हॅशसेट'चा वारस लिहिला. किती घटक घातले ते मोजायचे होते. एक घटक घालणाऱ्या मेथडमध्ये त्याने मोजणी एकाने वाढवली. अनेक घटक एकदम घालणाऱ्या मेथडमध्ये तितक्या संख्येने वाढवली. तीन घटक एकदम घातले आणि मोजणी आली सहा. कारण अनेक घालणारी मेथड आतून एक-एक घालणाऱ्या मेथडलाच हाक मारते. आणि हे गुपित 'हॅशसेट'मध्ये लिहिलेलेच नाही. ते त्याच्या दोन पिढ्या वर, 'ॲबस्ट्रॅक्टकलेक्शन' या अमूर्त वर्गात आहे. पणजोबांच्या सवयीने नातवंडांचा हिशोब चुकला म्हणायचे. म्हणून अमूर्त वर्गाने आपली कोणती मेथड कोणत्या रिकाम्या जागेला हाक मारते हे जाहीरपणे लिहून ठेवलेच पाहिजे. इतर वर्गांत अशी माहिती लपवणे हा सद्गुण. येथे तो अपराध.

दुसरा सापळा रचनेच्या वेळचा. पूर्वजाच्या कन्स्ट्रक्टरमधून रिकाम्या जागेला हाक मारली तर जावात वारसाची मेथड धावते, पण वारसाची स्वतःची माहिती अजून भरलेली नसते. घर बांधून होण्याआधी पाहुणे जेवायला. सी प्लस प्लसमध्ये तर अशी हाक भाषेच्या नियमांबाहेरचीच.

आता पुन्हा मार्च २०१४. जावा ८ ने इंटरफेसमध्ये लिहिलेल्या मेथड ठेवायला परवानगी दिली. त्यांना 'डिफॉल्ट मेथड' म्हणतात. कारण पुन्हा व्यवहाराचेच. जाहीर झालेल्या इंटरफेसमध्ये एक नवी रिकामी मेथड घातली की तो पाळणारा प्रत्येक वर्ग अपुरा ठरे आणि कंपाइल होईना. डेटाबेसच्या जेडीबीसी इंटरफेसच्या नव्या आवृत्त्या निघत तेव्हा ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी हे सोसले होते. अमूर्त वर्गाला ही अडचण नसे. 'नंबर' या वर्गात जावा १.१ मध्ये दोन नव्या मेथड आल्या, पण त्या जुन्याच 'इंटव्हॅल्यू'वर आधारून लिहिलेल्या असल्याने कोणताही वारस मोडला नाही. वाढता येणे हा अमूर्त वर्गाचा तोवरचा मोठा युक्तिवाद होता. तो २०१४ मध्ये संपला. पाच वर्षांनी सी शार्पनेही तीच वाट धरली.

यावर काही जण म्हणतात की अमूर्त वर्गाचे प्रयोजनच संपले. गो भाषेने २००९ मध्ये वर्गांचा वारसा मुळातच घेतला नाही आणि तिचे काही अडले नाही, हेही ते सांगतात. हा निष्कर्ष घाईचा आहे. इंटरफेसकडे आजही प्रत्येक वस्तूची स्वतःची साठवण नाही, कन्स्ट्रक्टर नाही, आणि 'ही मेथड कोणी बदलायची नाही' असे बजावण्याची सोयही नाही. क्रमाला हात लावता येऊ नये, आधी पडताळणी, मग वारसाची पायरी, मग नोंद, आणि या सर्वांत लागणारी माहिती एकाच ठिकाणी जपली जावी, अशी गरज असेल तर अमूर्त वर्गाला जावात तोड नाही. पण गरज एवढी नेमकी असावी. 'या सगळ्या गोष्टी एकाच कुळातल्या आहेत' ही भावना पुरेशी नव्हे. कुळ सांगायला इंटरफेस आहे. 'थोडा कोड सामाईक आहे' हेही पुरेसे नाही. तो एका निराळ्या वर्गात ठेवून वापरता येतो आणि वारसा अखंड राहतो.

वेळेचा मुद्दा उरतो आणि तो सर्वांत दुर्लक्षित आहे. राल्फ जॉन्सन आणि ब्रायन फूट यांनी १९८८ मध्ये, पुन्हा वापरता येतील असे वर्ग कसे घडवावेत याविषयीच्या लेखात, चांगली अमूर्तता वरून खाली रचली जात नाही, खालून वर सापडते, असे मांडले. ओस्लोचा दाखला त्याला पुष्टीच देतो : ट्रक आणि बस आधी, लिंक नंतर. पण नव्या प्रकल्पाच्या पहिल्याच दिवशी 'बेस', 'ॲबस्ट्रॅक्ट' अशा नावांच्या फायली उघडणाऱ्यांचा क्रम उलटा असतो. एकही ठोस वर्ग लिहिलेला नसताना कोणती पायरी बदलेल हे त्यांना कळावे कसे? ते अंदाज करतात. तिसरा वारस येतो तेव्हा अंदाज चुकलेला असतो, आणि मग पूर्वजात 'हा प्रकार असेल तर असे, तो असेल तर तसे' अशी ठिगळे पडू लागतात. दोन ठोस वर्ग लिहून होईपर्यंत, शक्यतो तीन, अमूर्त वर्गाला हात लावू नये.

अंदाज चुकल्याची किंमत किती काळ मोजावी लागते, याचा पुरावा कोणालाही पाहता येतो. 'डिक्शनरी' कालबाह्य आहे, नव्या कोडने 'मॅप' वापरावा, असे जावाच्या अधिकृत दस्तऐवजातच लिहिलेले आहे. तरी 'हॅशटेबल' आजही तिचाच वारस आहे, आणि 'हॅशटेबल'चा वारस 'प्रॉपर्टीज'. १९९६ मध्ये लिहिलेल्या त्या सात रिकाम्या मेथड नव्या प्रत्येक आवृत्तीबरोबर जगभर पाठवल्या जातात, कारण त्या काढल्या तर कोणाचे काय मोडेल हे कोणीच सांगू शकत नाही.